होम्सच्या समग्र कथा : मजकूर पक्का, बांधणी कच्ची

शेरलॉक होम्सच्या समग्र कथांचा एकखंडी मराठी अनुवाद मी दिवाळीच्या सवलतीत घेतला होता. त्याविषयी मे महिना उलटल्यावर लिहीत आहे, आणि मे महिन्याचा उल्लेख मुद्दाम करीत आहे. ४ कादंबऱ्या व ५६ कथांचा हा ठोकळा शिवलेला नसून त्याची पाने कण्याला गोंदाने चिकटवलेली आहेत. जळगावात पारा ४४-४५ अंशांवर गेला तेव्हा हा गोंद मऊ पडला आणि सुटलेली पाने कूलरच्या झोताने घरभर झाली. आर्थर कॉनन डॉइल १९३० साली वारले आणि त्यांच्या कथांवरील स्वामित्वहक्क आपल्याकडे केव्हाच संपला. मूळ लेखकाचे मानधन वाचत असताना निदान दोऱ्याची शिवण तरी घालायला हवी होती.

विक्रेत्याकडे तक्रार केली. प्रत्येक वेळी नवा प्रतिनिधी येई, तीच छायाचित्रे पुन्हा मागे आणि मी सगळी हकिगत पहिल्यापासून सांगू लागलो की मध्येच परतीच्या मुदतीचा नियम वाचून दाखवी. अखेरीस तक्रार निकाली निघाल्याचा संदेश आला. पुस्तक बदलून मिळाले नाही, पैसे मिळाले नाहीत, आणि नेमके काय निकाली निघाले हेही कोणी सांगितले नाही.

याच दिवसांत सुट्या पानांवर ‘लाल केसवाल्यां’ची १८९१ सालची कथा पुन्हा वाचली आणि या पुस्तकाविषयीचे माझे मत बदलले. तोवर मी असे धरून चाललो होतो की, १८८७ साली अवतरलेला हा गुप्तहेर आजही वाचला जातो तो कोड्यांसाठी. पण कोडी नेहमीच भक्कम असतात असे नाही. १८९२ सालच्या ठिपक्यांच्या पट्ट्याच्या कथेतला साप बशीतले दूध पितो आणि शिटी ऐकून दोरावरून परत येतो. रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी भरायला जाणारा आमच्याकडचा कोणताही शेतकरी हे वाचून हसेल. तरीही ती कथा टिकते. जमिनीला खिळवलेला पलंग, न वाजणाऱ्या घंटेचा दोर आणि शेजारच्या खोलीत उघडणारा झरोका या तिन्ही गोष्टी लेखकाने आपल्यासमोर उघड्या ठेवलेल्या असतात, हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण मला अधिक मोठे वाटते. भल्या पहाटे थरथरत आलेल्या त्या स्त्रीला होम्स शेकोटीजवळ बसवतो, तिच्यासाठी गरम कॉफी मागवतो आणि तिची हकिगत शेवटपर्यंत ऐकून घेतो.

लाल केसवाल्या सावकाराची तक्रार तर हास्यास्पदच आहे. ज्ञानकोशाची नक्कल करण्यासाठी आठवड्याला ४ पौंड देणारी संस्था एके दिवशी दाराला पाटी लावून बंद होते, एवढेच त्याचे गाऱ्हाणे. ते ऐकून होम्स आणि त्याचा मित्र वॉटसन खदखदून हसतात आणि तो बिचारा रागावतो. पण हसून झाल्यावर प्रश्न सुरू होतात, आणि ते दुकानात अर्ध्या पगारावर राहिलेल्या नोकराकडे वळतात. दाणाबाजारातला कोणताही व्यापारी त्या अर्ध्या पगारापाशीच थबकला असता. (अशिलाचे नुकसान झालेच नाही, उलट त्याला सुमारे ३० पौंड मिळाले, हा होम्सचा हिशेब मला विशेष आवडला.) शेवटी प्रत्येक खटकलेल्या गोष्टीचे उत्तर मिळते. कॅमेरे आणि फोनच्या नोंदींमुळे आज माहितीला तोटा नाही, परंतु पूर्ण ऐकून घेऊन मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देणारा माणूस दुर्मीळ झाला आहे. नव्या वाचकाला या कथा हव्याशा वाटतात त्या त्यामुळेच, असे माझे मत आहे. त्यातील घोडागाड्या व तारा आता इतिहासजमा झाल्या आहेत, आपली तारसेवाही २०१३ साली बंद झाली. वाचताना त्याची अडचण येत नाही.

अनुवाद नेटका आहे, छपाई बरी आहे. पुन्हा बांधणीकडे वळतो. व्यापाऱ्यांच्या चोपड्या बांधणाऱ्या एका कारागिराने खंडाचे दोन भाग केले आणि कडेने टाके घालून वर लाल कापड चढवले. त्याने १५० रुपये घेतले. हरवलेले एक पान वाचनालयातील प्रतीवरून झेरॉक्स करून लावले. आता पाने सुटत नाहीत. मात्र सुट्या पानांना कडेनेच शिवावे लागत असल्याने पुस्तक पूर्ण उघडत नाही, आणि आतल्या समासालगतचे शब्द पान दाबून धरून वाचावे लागतात.

कथांना पूर्ण गुण, या आवृत्तीला पाचांपैकी दोन. घ्यायचेच असेल तर दुकानात जाऊन कण्याची वरची कड पाहावी. दुमडलेले फर्मे, म्हणजे एकात एक घातलेल्या पानांचे जुडगे, दिसले तर पुस्तक शिवलेले असण्याची शक्यता अधिक. सरळ कापलेली कड आणि गोंदाचा थर दिसला, तर सवलत कितीही असो, बांधणीचे १५० रुपये किमतीत धरूनच सौदा करावा.