पर्लचा जुना वूड-फायबरग्लास सेट आणि फाइब्जचा स्नेअर : नागपुरात वाजवल्यावर

दिवसा मी हिंगणा एमआयडीसीत फायबरग्लासच्या मोल्डिंगचं काम करतो. कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, मोबाईल टॉयलेटचे दरवाजे. रात्री आणि सुट्टीला ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो, त्याला यंदा २६ वर्षं झाली. ज्या मालाची खाज घालवायला रोज संध्याकाळी गार पाण्याने कोपरापर्यंत हात धुवायचे, त्याच मालाचे ड्रम पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत आणि जपानमध्ये बनत होते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तेव्हापासून हे शेल, म्हणजे ड्रमचं गोल पोकळ अंग, कसे वाजतात, का वाजतात, एवढंच डोक्यात आहे. गेल्या वर्षभरात दोन हाताशी आले आणि तिसरा मी स्वतः बनवला. त्या तिघांबद्दल लिहितो आहे.

पहिला पर्ल या जपानी कंपनीचा. नागपूरच्या महाल भागातल्या एका काकांचा ऑर्केस्ट्रा केव्हाच बंद पडला. ऑक्टोपॅड (एकट्यानेच सगळ्या ड्रमचा आवाज काढणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) आला आणि पाच नग ड्रम टेम्पोत चढवायला कुणी तयार होईना. सेट माडीवर चादरीखाली पडून होता : २२ इंची बास (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), १२ आणि १३ चे टॉम (वर बसवायचे छोटे ड्रम), १६ चा फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा राहणारा). स्नेअर, म्हणजे खालून तारा लावलेला मुख्य ड्रम, मधल्या मधे कुठेतरी गेला होता. मी वरून टिचकी मारली आणि म्हणालो, "काका, लाकूड चांगलं आहे." काका म्हणाले, "बाहेरून लाकूड आहे रे. आतून तुझंच सामान आहे. हेड काढ आन् हात घालून पाहून घे."

हेड, म्हणजे वरचा ताणलेला पडदा, काढून हात घातला. बोटांना ती ओळखीची खरखर लागली, रेझिन (सुकून टणक होणारा चिकट द्रव) बसलेल्या काचेच्या धाग्यांची. सत्तरच्या दशकात पर्लने दोन्ही प्रकार केले होते. एक पूर्ण फायबरग्लासचा आणि दुसरा हा, म्हणजे पातळ प्लायच्या शेलला आतून फायबरग्लासचं अस्तर. स्टँडसकट ४८,००० रुपयांत सौदा झाला. काकांनी पैसे मोजले नाहीत, पण सेट टेम्पोत चढेपर्यंत खाली उभे राहिले.

आवाजाचं सांगायचं तर आधी लाकडाचं सांगावं लागेल. निव्वळ लाकडाच्या शेलमध्ये आवाजाला एक मऊपणा येतो, कारण लाकूड थोडा आवाज स्वतः पिऊन टाकतं. आतून काच-रेझिनचा टणक थर दिला की ते पिणं कमी होतं. पर्लचा १३ चा टॉम मी माझ्या जुन्या लाकडी १३ शेजारी ठेवला, दोन्हींना एकाच कंपनीची एकाच जातीची नवी हेडं चढवली, सूर जवळजवळ एक केला आणि माझ्या पोराला म्हटलं, पाठ करून उभा राहा आणि कोणता कुठला ते सांग. त्याने दहापैकी दहा वेळा ओळखलं. लाकडी टॉम 'धुम्' म्हणून विरतो. पर्ल 'दँम्' म्हणतो. मूळ सूर आधी पुढे येतो, ठसठशीत, आणि मागचा घुमारा त्याला चिकटून येतो. फ्लोअर टॉमवर हा फरक सगळ्यात जास्त. १६ च्या फ्लोअर टॉमवर हळू मारलं तरी सूर तोच राहतो, फक्त लहान होतो. लाकडीवर हळू मारलं की सूर पांगतो.

बास ड्रमबद्दल मी इतका खूश नाही. २२ चा आवाज मोठा आहे, पण खालची जी गादी लागते, ती थोडी कमी पडते. समोरच्या हेडला आतून फेल्टची पट्टी लावली आणि बीटरच्या (पायाने मारायच्या दांड्याच्या) बाजूला अर्धी उशी टेकवली, तेव्हा जमलं. लॉनवर माईक असल्यावर चालून जातं, घरी बसून ऐकायला लाकडीच बरा.

आता नागपूर. हा भाग बाहेरच्या लोकांना सांगूनही पटत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवा अशी कोरडी की दाराची चौकट आकसून कडी लागत नाही. जूनच्या शेवटी पाऊस लागला की तेच दार फुगून बसतं. ड्रमचं लाकूड काही वेगळं नाही. माझा आधीचा लाकडी सेट, कंपनीचं नाव घेत नाही, दोन उन्हाळ्यांत फ्लोअर टॉमच्या सांध्याजवळ प्लाय सोडून बसला. शेलची गोलाई गेली की हेड कडेवर सगळीकडून सारखं बसत नाही, आणि मग की (हेड ताणायची चावी) कितीही फिरवा, एका लगशी (शेलवरच्या, ताण द्यायचा स्क्रू बसतो त्या पकडीशी) सूर एक आणि समोरच्या लगशी दुसरा. पर्लचा सेट मी मे महिन्यात कोराडी रोडच्या एका लॉनवर वाजवला. संध्याकाळी सातला रिमला (हेड धरून ठेवणाऱ्या धातूच्या कड्याला) हात लावला तर चटका बसत होता. ऑगस्टमध्ये गणपतीत ताडपत्रीखाली वाजवला, चारी बाजूंनी पाणी गळत होतं. कोजागरीला कॉलनीच्या मैदानावर रात्री दोनपर्यंत दवात वाजवला. ट्यूनिंग हलतं, ते मान्य. हेड प्लॅस्टिकचं असतं आणि ऊन लागलं की ढिलं पडतं, शेल कोणताही असो. पण एक-दोन वेळा की फिरवली की सूर जागेवर येतो, लगा-लगांचं भांडण होत नाही. शेल गोल राहतो. माझ्यासारख्याला, ज्याला वर्षातून साठ-सत्तर कार्यक्रम उघड्यावर करायचे आहेत, त्याला ही एकच गोष्ट ४८,००० रुपयांची आहे.

दुसरा, फाइब्जचा १४ इंची स्नेअर. हा माझा नाही. माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून आला तेव्हा घेऊन आला आणि चार महिने माझ्याकडे ठेवून गेला. फाइब्ज ही कंपनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्ककडे सुरू झाली. कंपनीच्या नावातच फायबर आहे. १९७० मध्ये गिटारवाल्या मार्टिन कंपनीने ती विकत घेतली. अमेरिकेचा नामांकित जॅझ ड्रमर बडी रिच आपल्या सेटसोबत फाइब्जचा स्नेअर वाजवत असे, ही गोष्ट ड्रमवाल्यांमध्ये सगळ्यांना ठाऊक असते. एक खुलासा इथेच करतो, कारण दोन जणांनी मला विचारलं : फाइब्जचे ते आरपार दिसणारे ड्रम, जे जॅझ-रॉकवाला ड्रमर बिली कॉबहॅम वाजवायचा, ते फायबरग्लासचे नाहीत. ते ॲक्रिलिकचे. लुडविग या अमेरिकन ड्रम कंपनीचे १९७२ चे व्हिस्टालाइटही ॲक्रिलिकच. ॲक्रिलिक म्हणजे नुसतं प्लॅस्टिक. फायबरग्लास म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन यांचं लग्न, आणि त्यातल्या धाग्यांची वीण कशी, रेझिन किती, यावर सगळं ठरतं.

या स्नेअरला बाहेरून चकचकीत क्रोमचं आवरण आहे, त्यामुळे स्टेजवर सगळे त्याला लोखंडी समजतात. वसंतराव देशपांडे सभागृहात साउंडवाल्याने साउंडचेकलाच विचारलं, "भाऊ, स्टीलचा आहे का? मग मी वरचा तीक्ष्ण आवाज थोडा कापतो." मी म्हटलं, आधी ऐक. त्याने ऐकलं आणि काही कापलं नाही. मला हेच सांगायचं आहे. स्टीलचा स्नेअर 'ठण्' म्हणतो आणि ती शिट्टी कानात राहते. लाकडी 'ठप' म्हणतो. फाइब्ज 'ठाक्' म्हणतो, कोरडा, स्वच्छ, आणि त्याच क्षणी संपतो. सगळ्यात मोठं सुख हळू वाजवण्यात आहे. गझलेच्या मागे डाव्या हाताने जे बारीक बारीक टपटप थेंब टाकतो, ते या स्नेअरवर शेवटच्या रांगेपर्यंत सुटे सुटे पोचतात. मुखडा संपताना जोरात मारलं तरी आवाज फाटत नाही. सव्वीस वर्षांत असा स्नेअर मी वाजवला नव्हता.

एकदा रात्री घरी सगळे झोपल्यावर मी तो उघडला. दोन्ही हेडं काढली, शेल स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या ग्रॅनाइटवर पालथा ठेवला, आत मोबाईलचा टॉर्च लावला आणि दिवा घालवला. कडेखालून कुठे उजेड फुटतो का ते पाहायचं होतं. फुटला नाही. सगळीकडून काळी रेघ. पन्नासेक वर्षांची कड आणि एका केसाइतकी फट नाही. मग टॉर्च हातात घेऊन आतून फिरवला. आमच्या कारखान्यातल्या मालात उजेड धरला की आत हवेचे बुडबुडे दिसतात, तांदळाएवढे, कधी त्याहून मोठे. टाकीला त्याने काही होत नाही. या शेलमध्ये मी दहा मिनिटं शोधत होतो आणि मला एक सापडला, मोहरीएवढा, लगच्या भोकाजवळ. बुडबुडे दाबून काढायला रोलर फिरवणाऱ्याचा हात किती बसलेला असेल, ते माझ्यासारख्या रोलर फिरवणाऱ्यालाच कळेल.

म्हणून तिसरा शेल. मालकांना विचारून रविवारी कारखान्यात १४ इंचाचा मोल्ड केला आणि साध्या कामासाठी वापरतो तशी ४५० ग्रॅमची मॅट (काचेच्या सुट्या धाग्यांची चादर) घेतली, सहा थर. जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर), रेझिन, हार्डनर, सगळं रोजचं. सुकल्यावर साधारण सहा मिलिमीटर जाडी आणि दीड किलोच्या आसपास वजन. हेड चढवून मारलं, तर आवाज मेलेला. पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारल्यासारखा. शेल इतका जाड आणि जड झाला होता की तो जागचा हलतच नव्हता, आणि मॅटमध्ये रेझिन जास्त बसतं ते वेगळंच. दुसऱ्या वेळी तीनच थर घेतले, वरच्या आणि खालच्या कडेला फक्त एकेक पट्टी जास्त दिली म्हणजे कड वाकणार नाही. तो वाजला. फाइब्जच्या पासंगाला पुरत नाही, पण त्याच्या गावाकडचा वाटतो, एवढं नक्की. कॅलिफोर्नियाचा फायबरग्लासचे ड्रम बनवणारा ब्लेमायर आपले शेल इतके पातळ का ठेवायचा, ते तेव्हा हाताला समजलं. अमेरिकेचा स्टुडिओ ड्रमर हॅल ब्लेन याच्या अवाढव्य सेटमधल्या सात टॉमनाही फायबरग्लासचेच शेल होते.

कुणाला असा जुना ड्रम मिळत असेल तर माझं ऐका. शेल ओट्यावर ठेवून टॉर्चची परीक्षा करा, विकणारा नाही म्हणत असेल तर घेऊ नका. लगच्या भोकांभोवती नखाने चाचपा. केसासारख्या भेगा जेलकोटवरच असतील तर चालतं, आतल्या बाजूला पांढरे पडलेले धागे दिसले तर तिथे थर सुटला आहे. रंग पिवळा पडला म्हणून घाबरू नका, उन्हाने पडतो, आवाजाला त्याचं काही नाही. आणि कड घासायची वेळ आली तर तोंडाला मास्क लावल्याशिवाय आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घातल्याशिवाय घासकागद हातात घेऊ नका. ती भुकटी छातीत जाऊ द्यायची नसते. आमच्याकडे नव्या पोट्ट्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

किमतीचं म्हणाल तर पर्लचा वूड-फायबरग्लास आजही इतर जुन्या नावांपेक्षा स्वस्त पडतो, कारण लोक त्याला अर्धवट समजतात, ना धड लाकूड ना धड फायबर. मला तर त्याचं अर्धं असणंच आवडलं. टॉमला जो थोडा ऊबदारपणा लागतो तो बाहेरच्या प्लायमधून येतो आणि सूर आतल्या काचेने धरून ठेवलेला असतो. स्नेअर मात्र पूर्ण फायबरग्लासचाच हवा. हे माझं मत आहे, उघड्यावर हिंदी-मराठी गाणी वाजवणाऱ्याचं. जॅझवाल्याचं किंवा स्टुडिओवाल्याचं वेगळं असू शकतं.

आतेभाऊ डिसेंबरात येतो आहे, स्नेअर परत न्यायला. विकत देतोस का म्हणून फोनवर विचारलं, तो हसून नाही म्हणाला. या वेळी मी मॅट घेतलेली नाही, विणलेलं कापड घेतलं आहे. दोन थर कापडाचे, मधे एक मॅट, रोलर दुप्पट वेळ फिरवला. शेल अजून मोल्डमध्ये आहे, रविवारी काढणार.