इम्प्लांट केंद्राची सेवा: डॉक्टर उत्तम, वेटिंग वैताग
मुलीच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र) गेलो त्या केंद्रातल्या ऑडिओलॉजिस्टबाईंना (श्रवणतज्ज्ञ) पैकीच्या पैकी गुण. ऑपरेशनआधीच एमआरआय समोर ठेवून त्या म्हणाल्या, "डाव्या कानाची नस बारीक आहे, उजवा आधी करू." इम्प्लांट कानातल्या आवाज टिपणाऱ्या, पण बिघडलेल्या केशपेशी टाळून थेट नसेला विजेचे संकेत देतं; नसच अशक्त असेल, तर यंत्र कितीही भारी घ्या, बोलणं समजायला जास्त वेळ लागतो, कधी पुरतं समजतही नाही. इतकं स्पष्ट आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मॅपिंगलाही, म्हणजे यंत्राचा आवाज पोरीला जुळवून घेण्यालाही, घाई नाही. नसेचा प्रतिसाद मोजतात, पोरीचा चेहरा बघत आवाजाची पातळी हळूहळू वाढवतात. वेटिंग मात्र फार, आणि तिथला टीव्ही इतका मोठ्यानं? श्रवणकेंद्रात! स्पीच थेरपीच्या वेळेसाठीही मागे लागावं लागतं.