अल्फा कोर्स: ख्रिस्ती विश्वास स्वतः तपासून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी

ख्रिस्ती विश्वास म्हणजे नेमके काय, हे कुणाच्या सांगण्यावरून मान्य किंवा अमान्य न करता स्वतः तपासून पाहावे, अशी इच्छा असलेल्या माणसाला आज जगभर जे मार्ग उपलब्ध आहेत, त्यांपैकी सर्वांत परिचित म्हणजे अल्फा कोर्स. पाहुणी म्हणून हा कोर्स मी पूर्ण केला आहे आणि नंतर गटात मदतनीस म्हणूनही बसले आहे. माझे मत एकंदरीत अनुकूल आहे, आणि मी स्वतः येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवते, त्यामुळे हा अभिप्राय पूर्णपणे तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. माझी कसोटी मात्र एकच आहे: सर्व ऐकून, विचारून झाल्यावर ज्याने ‘मला हे पटले नाही’ असे सांगितले, त्या माणसालाही आपल्याला प्रामाणिकपणे वागवले गेले आणि आपला वेळ सत्कारणी लागला असे वाटले पाहिजे. या कसोटीवर हा कोर्स बराचसा उतरतो, पण दोन ठिकाणी तो मला अपुरा वाटतो, आणि ती ठिकाणे आधी माहीत असली तर जाणाऱ्याचा फायदाच होईल.

या कोर्सची सुरुवात १९७७ मध्ये लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन चर्चमध्ये चार्ल्स मार्नहॅम या तरुण धर्मसेवकांनी केली. नव्याने विश्वासात आलेल्यांना मूलभूत गोष्टी समजावून देणे एवढाच तेव्हाचा हेतू होता. १९९० मध्ये त्याची सूत्रे निकी गम्बेल यांच्याकडे आली. ते पूर्वाश्रमीचे वकील होते, आणि चर्चशी ज्यांचा काहीच संबंध नाही अशी माणसेही कोर्सला येतात हे ध्यानात घेऊन त्यांनी सगळी मांडणी बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला समोर ठेवून बदलली. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की कोर्सची ही दोन रूपे आजही त्यात दिसतात: सुरुवातीच्या संध्याकाळची व्याख्याने शोध घेणाऱ्याच्या बाजूने विचार करतात, तर मधल्या काही संध्याकाळची व्याख्याने, माणसाने होकार दिलाच आहे असे गृहीत धरून बोलतात. माझ्या पहिल्या आक्षेपाचे मूळ येथेच आहे.

रचना साधी आहे. साधारण दहा-अकरा आठवडे, आठवड्यातून एकदा माणसे जमतात, एकत्र जेवतात, एक व्याख्यान किंवा चित्रफीत पाहतात आणि मग छोट्या गटात बोलतात. मध्ये एक शनिवार-रविवार किंवा एक पूर्ण दिवस पवित्र आत्मा, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेनुसार माणसाच्या अंतरंगात कार्य करणारा देव, या विषयासाठी राखून ठेवलेला असतो. पाहुण्यांकडून शुल्क घेतले जात नाही. मुक्काम असेल तर त्याच्या खर्चाची चौकशी आधी करून घ्यावी. २०१६ मध्ये तयार झालेल्या चित्रफितींच्या मालिकेमुळे चांगला वक्ता नसलेल्या लहान मंडळीलाही (स्थानिक चर्चलाही) हा कोर्स चालवता येतो, आणि २०२० नंतर तो दूरदृश्य सभांमधूनही मोठ्या प्रमाणावर चालतो. दूरदृश्य सभेत जेवण नसते, आणि ते नसल्याने ओळखी वाढायला वेळ लागतो. परंतु ज्याला अनोळखी चर्चच्या दारातून आत जाण्याचेच दडपण येते, त्याच्यासाठी हा पर्याय खरोखर सोयीचा आहे.

या सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे गटातली चर्चा. गट चालवणाऱ्यांना अशी स्पष्ट सूचना असते की त्यांनी उत्तरे देण्याची घाई करू नये, तुम्हाला काय वाटले असे विचारावे आणि ऐकावे. विश्वास असलेल्या माणसाला हे किती कठीण जाते, ते मदतनीस म्हणून बसल्यावर मला कळले. समोरचा म्हणतो की येशू हा एक थोर शिक्षक होता, त्यापलीकडे काही नाही, आणि आपल्या मनात दहा उत्तरे तयार असतात. तरीही गप्प बसून दुसऱ्या पाहुण्याला बोलू द्यायचे असते. ही शिस्त पाळली गेली की पाहुणे एकमेकांना प्रश्न विचारू लागतात, एकाचा आक्षेप दुसरा खोडतो, तिसरा त्याला पुष्टी देतो, आणि चौकशी खऱ्या अर्थाने पाहुण्यांची होते. मात्र गट चालवणारा प्रत्येक शंकेला पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, वचन काढून दाखवू लागला, तर दोन आठवड्यांत निम्मी माणसे येणे थांबवतात. त्यामुळे कोर्स चांगला की वाईट हे व्याख्यानांइतकेच, किंबहुना अधिक, तो चालवणाऱ्या माणसांवर अवलंबून असते, हे जाणाऱ्याने लक्षात ठेवावे.

आता आशयाकडे वळते. ‘येशू कोण आहे?’ ही संध्याकाळ संपूर्ण कोर्सचा कणा आहे, आणि ते योग्यच आहे, कारण ख्रिस्ती विश्वास एका विशिष्ट काळी, विशिष्ट ठिकाणी होऊन गेलेल्या व्यक्तीवर उभा आहे. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आहे, असे पहिल्या पिढीतील ख्रिस्ती प्रेषित पौलाने करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांस, म्हणजे करिंथकरांस, लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात स्वतःच म्हटले आहे. म्हणजे तपासणीला आमंत्रण देण्याची पद्धत या विश्वासाच्या पहिल्या पिढीपासूनची आहे. रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला देहदंड झाला हे रोमन इतिहासकार टॅसिटस यानेही नोंदवले आहे, आणि ख्रिस्ती लोकांविषयी त्याला काडीचीही सहानुभूती नव्हती, म्हणून त्या नोंदीला वजन आहे.

याच संध्याकाळी नव्या कराराच्या (पवित्र शास्त्रातील येशू व त्याच्या पहिल्या अनुयायांविषयीच्या भागाच्या) हस्तलिखितांविषयी बोलले जाते. ग्रीक भाषेतील पाच हजारांहून अधिक हस्तलिखिते किंवा त्यांचे तुकडे आज उपलब्ध आहेत, आणि योहानकृत शुभवर्तमानाचा (शुभवर्तमान म्हणजे येशूचे जीवन सांगणारे पुस्तक) मँचेस्टरच्या ग्रंथालयात ठेवलेला एक छोटा तुकडा सामान्यतः दुसऱ्या शतकातील मानला जातो. प्राचीन जगातील इतर ग्रंथांशी तुलना केली तर हे चित्र विलक्षण आहे यात शंका नाही. परंतु येथे थोडे थांबायला हवे. प्रती भरपूर आणि जुन्या आहेत यावरून मूळ मजकूर आपल्यापर्यंत बऱ्यापैकी अचूक पोहोचला आहे एवढे सिद्ध होते. मूळ लेखकांनी लिहिलेल्या घटना तशाच घडल्या होत्या हे त्यावरून सिद्ध होत नाही, तो वेगळा प्रश्न आहे. विचारी पाहुण्याला हा फरक लगेच दिसतो, आणि तो आपण होऊन मान्य केला तर पुढच्या बोलण्यावरचा त्याचा विश्वास वाढतो.

तसेच, येशूने स्वतःविषयी जे दावे केले ते पाहता तो एक तर फसवणारा असला पाहिजे, किंवा भ्रमिष्ट, किंवा तो म्हणतो तो खरोखर देवाचा पुत्र, हा ख्रिस्ती लेखनात फार प्रचलित असलेला युक्तिवादही येथे येतो. तो प्रभावी आहे, पण त्यात चौथी शक्यता सुटते: ते दावे नंतरच्या लोकांनी त्याच्या तोंडी घातले असतील तर? या प्रश्नाला उत्तर नाही असे नाही. पौलाचे वर उल्लेखलेले पत्र साधारणपणे इसवी सन ५५ च्या सुमारास लिहिले गेले, म्हणजे क्रुसावरील मृत्यूनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, आणि त्यात पुनरुत्थित ख्रिस्त ज्यांना दिसला त्यांची यादी आहे. एकाच वेळी पाचशेहून अधिक जणांना तो दिसला व त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असे पौल लिहितो. दंतकथा रचणारा माणसे हयात असताना अशी विधाने सहसा करीत नाही, असे मला वाटते. कुणाला हे कारण अपुरे वाटेल, पण निदान त्यावर एक पूर्ण संध्याकाळ वाद घालता येईल. कोर्समध्ये पुनरुत्थानाला याच व्याख्यानाचा एक भाग एवढीच जागा मिळते. सगळा विश्वास ज्या घटनेवर टेकलेला आहे तिच्यासाठी स्वतंत्र संध्याकाळ असायला हवी होती.

येशूच्या मृत्यूविषयीची संध्याकाळ मला मनापासून आवडली. क्षमा, अपराधाची जाणीव आणि प्रेमाची किंमत या गोष्टी कुणालाही अपरिचित नसतात, त्यामुळे चर्चा लवकर खोलात जाते. त्यानंतर मात्र प्रार्थना कशी करावी, पवित्र शास्त्र कसे वाचावे, देव मार्गदर्शन कसे करतो, असे विषय येतात, आणि ज्याचा अजून ‘देव आहे का?’ यावरच निर्णय झालेला नाही त्याला आपण एक पायरी चुकवून पुढे ढकलले गेलो असे वाटू शकते. अशा वेळी पाहुण्याने हे भाग ‘विश्वास ठेवणारी माणसे असे जगतात’ याचे वर्णन म्हणून ऐकावेत. तसे ऐकले तर ते उपयुक्त आहेत, कारण एखाद्या विश्वासाची पारख करताना त्याची शिकवण जितकी पाहावी तितकेच त्याचे आचरणही पाहावे लागते.

दुसरा आक्षेप पवित्र आत्म्याच्या शनिवार-रविवारविषयी आहे. पवित्र आत्म्याने परिपूर्ण होणे, आणि त्या संदर्भात अन्य भाषा, म्हणजे न शिकलेल्या भाषा, बोलण्याचे दान, यांवर येथे दिलेला भर सर्व ख्रिस्ती परंपरांना सारखाच मान्य नाही. अनेक ख्रिस्ती अभ्यासकांनीही तो असमतोल असल्याची टीका केली आहे. पाहुण्यासाठी प्रार्थना करण्याची तयारी दाखवली जाते, आणि ती नाकारण्याचे स्वातंत्र्य असते. पण नवख्या ठिकाणी, भावना दाटून आलेल्या असताना, सगळ्यांसमोर ‘नको’ म्हणणे सोपे नसते. म्हणून आयोजकांनी काय घडणार आहे हे आदल्या आठवड्यात स्पष्ट सांगावे, आणि ज्याला केवळ बसून पाहायचे आहे त्याला तसे करता येईल हेही सांगावे. ज्या ठिकाणी ही काळजी घेतली जाते तेथे हे दोन दिवस अनेकांना आयुष्यभर लक्षात राहतात. माझ्याही ते लक्षात आहेत आणि त्याबद्दल मी देवाची ऋणी आहे.

काय राहून जाते, हेही सांगायला हवे. निरपराध माणसांच्या दुःखाचा प्रश्न गटात जवळजवळ नेहमी निघतो, पण मुख्य विषयांत त्याला स्वतंत्र संध्याकाळ नाही. जुना करार, म्हणजे पवित्र शास्त्राचा येशूपूर्वीचा भाग, ओझरता येतो. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांविषयी कोर्स फारसे बोलत नाही, आणि हे मी दोष मानत नाही: कॅथलिक, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल अशा परस्परभिन्न मंडळ्यांना एकच कोर्स वापरता यावा यासाठी ते त्या त्या मंडळीवर सोपवलेले आहे.

ज्याला व्याख्यानांपेक्षा मूळ मजकूर समोर हवा आहे, त्याने ख्रिश्चॅनिटी एक्सप्लोर्ड या कोर्सची माहिती घ्यावी. लंडनच्याच ऑल सोल्स चर्चमध्ये रिको टाइस यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला, आणि तो सर्वस्वी मार्ककृत शुभवर्तमानावर आधारलेला आहे. येशू कोण, तो कशासाठी आला, आणि त्याच्यामागे जाणे म्हणजे काय, असे तीन प्रश्न घेऊन सोळा अध्याय वाचले जातात. यात अनुभवाला कमी आणि वाचनाला अधिक जागा आहे. मार्क वाचताना एक गोष्ट मुद्दाम पाहावी: चौथ्या शतकातील दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत हे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर, रिकाम्या कबरेपासून घाबरून पळालेल्या स्त्रियांपाशी थांबते. आपल्याला सोयीचे असे कथानक रचणारा लेखक तेथे कधी थांबला असता का, हा प्रश्न कुठल्याही चांगल्या गटाला तासभर पुरेल. कॅथलिक मंडळीत प्रौढांच्या दीक्षेसाठी स्वतंत्र विधी आहे. तो १९७२ मध्ये जाहीर झाला आणि त्याचा पहिला टप्पाच मुळी चौकशीचा असतो, ज्याला ठरावीक मुदत नसते. ज्याला सावकाश विचार करायचा आहे आणि मंडळीचे रोजचे जीवन जवळून पाहायचे आहे, त्याला हा मार्ग अधिक मानवेल.

कुठलाही कोर्स निवडला तरी त्याबरोबर एक शुभवर्तमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः वाचावे, असा माझा आग्रह आहे. बिरुया या गावातील लोक पौलाचे बोलणे उत्सुकतेने ऐकत, पण ते खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी रोज शास्त्र उघडून शोध करीत, असे नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नमूद आहे, आणि तेथे त्यांचे कौतुकच केले आहे. नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना काही गोष्टी सरळ विचाराव्यात: मध्येच येणे थांबवले तर चालेल का, कोर्स संपल्यावर कुणी सतत संपर्क साधेल का, गट कोण चालवणार आहे. या प्रश्नांना मोकळी उत्तरे मिळाली नाहीत तर दुसरी मंडळी शोधावी.

मित्राला किंवा नातेवाइकाला बोलावणाऱ्यांसाठीही थोडे लिहिते. योहानकृत शुभवर्तमानात नथनेल येशूच्या नासरेथ या गावाविषयी शंका काढतो तेव्हा येशूचा शिष्य फिलिप्प त्याच्याशी वाद घालत नाही, ‘येऊन पाहा’ एवढेच म्हणतो. आपण बोलावलेल्या माणसाबरोबर पहिल्या संध्याकाळी अवश्य जावे, कारण अनोळखी माणसांत एकट्याने शिरणे अवघड असते. मात्र त्याच्याच गटात बसण्याचा हट्ट धरू नये. ओळखीचे माणूस शेजारी नसले की तो आपल्या खऱ्या शंका अधिक मोकळेपणाने बोलून दाखवतो. परत येताना त्याला काय वाटले हे त्याने सांगितले तर ऐकावे, नाही सांगितले तर विचारू नये, आणि पुढच्या आठवड्याला यायचे की नाही हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.