शक्तिमान की ब्लेड रनर?
रविवारी दुपारी बेळगावातली आमची गल्ली ओस पडायची ती ‘शक्तिमान’मुळे. १९९७ साली दूरदर्शनवर आलेल्या या नायकाची ताकद कुंडलिनीतून, पंचमहाभूतांतून आलेली. त्याचं साधं रूप असलेला गबाळा गंगाधर गरगर फिरून शक्तिमान झाला की पोरं खूश! तंत्र कच्चं, पण आपलं वाटायचं.

१९८२ च्या ‘ब्लेड रनर’ या हॉलीवूडच्या विज्ञानपटातलं २०१९ चं लॉस एंजेलिस आशियाला बहुतेक सजावटीपुरतंच वापरतं: जपानी निऑन पाट्या, नूडल्सचा ठेला, पुढं मात्र जास्त करून गोरीच माणसं. तरी मला भिडली ती तिथली जपानी, जर्मन, हंगेरियन मिसळलेली रस्त्यावरची बोली. खडेबाजारात अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलत घासाघीस करणाऱ्याला तिचं नवल कसलं?

पोरांना शक्तिमान दाखवीन. रात्री एकटा असलो तर ब्लेड रनरच.