कवितेचा अर्थ आधी सांगायचा नाही: नववीच्या वर्गात आठ महिने करून बघितलं, त्याचा अनुभव

जूनमध्ये ठरवलं की यंदा कवितेचा अर्थ मी आधी सांगणार नाही. एवढंच ठरवलेलं, बाकी सगळं करत करत जमत गेलं आणि काही जमलंच नाही. आता फेब्रुवारी संपत आला म्हणून लिहितेय, कारण ऑगस्टमध्ये लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि दिवाळीच्या आधी लिहिलं असतं तर शिव्या.

आमची शाळा नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणकडची, नववीच्या दोन तुकड्या, एकेका वर्गात पन्नासच्या वर पोरं, तास ३५ मिनिटांचा आणि त्यातली पाच हजेरीत जातात. इतकी वर्षं मी कविता कशी शिकवायचे तर चालीत म्हणायची, प्रत्येक ओळीचा अर्थ, अवघड शब्द फळ्यावर आणि शेवटी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद लिहून द्यायचे. पोरं पाठ करतात, मार्क पडतात, कोणाची तक्रार नाही. पण मागच्या वर्षी पेपर तपासताना 'कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे' हे वाक्य एवढ्या वेळा आलं की मोजायचं सोडलं, आणि गंमत म्हणजे त्या कवितेत निसर्ग औषधालाही नव्हता.

तर करते काय ते सांगते. कविता फळ्यावर लिहायची, कवीचं नाव झाकून. दोनदा वाचायची, एकदा मी, एकदा पोरांपैकी कोणीतरी, चाल लावायची नाही (चाल लागली की पोरं गाण्यात जातात, शब्द हातातून सुटतात). मग प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच शब्द लिहायचा, अडलेला किंवा आवडलेला, आणि गप्पा त्या चिठ्ठ्यांवरून. 'याचा अर्थ काय' हा प्रश्न बंद, 'कुठल्या शब्दावरून तुला असं वाटलं' हा चालू. दुसऱ्या तासाला लिहायचं, दहा ओळींच्या आत.

पहिले चार-पाच तास भयंकर गेले. प्रश्न विचारला की वर्ग चिडीचूप, आणि ती शांतता मलाच सहन व्हायची नाही, मग मीच उत्तर देऊन मोकळी. पोरांना ते पक्कं माहीत असतं, की थोडं थांबलं की मॅडम स्वतःच सांगतात. शेवटी मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजायला लागले. वीस म्हणजे किती लांब असतात ते एकदा वर्गात उभं राहून मोजून बघा. पण अठरा-एकोणीसला कोणीतरी तोंड उघडतंच.

खरी मजा आली ती बहिणाबाईंच्या 'खोप्या'ला. ही मुद्दाम ऑगस्टमध्ये घेतली, कारण सुगरणीचे खोपे पावसाळ्यातच बांधून होतात आणि आमच्याकडे विहिरीवर वाकलेल्या बाभळीला ते लटकलेले पोरं शाळेत येता-जाता बघतात. 'देखा पिलासाठी तिनं झोका झाडाला टांगला' वाचलं आणि मागच्या बाकावरचा एकजण, जो एरवी फक्त हजेरीला बोलतो, तो म्हणाला, मॅडम हे चुकीचंय, खोपा नर बांधतो. आणि त्याचं बरोबर होतं! नर गवताच्या धाग्यांनी अर्धा खोपा विणतो, मादी येऊन आत-बाहेर बघते, पसंत पडला तर नर तो पुरा करतो, नाहीतर बिचारा दुसरीकडे नवा सुरू करतो. वर्गात दोन तट पडले. एक म्हणे, मग कविता खोटी. दुसरा म्हणे, बहिणाबाई जन्मभर शेतात राबल्या, त्यांनी पक्षी बघितला नसेल होय. मग एक मुलगी म्हणाली, त्यांना तिथे बाई दिसली असेल, घर कोण सांभाळतं हे त्यांना माहीत होतं. मी काही बोलले नाही, बोलायला शिल्लकच काय होतं.

दुसऱ्या तासाला नराच्या बाजूने लिहायला सांगितलं. त्याच मागच्या बाकावरच्याने तीन ओळी लिहिल्या: 'तिने आत डोकं घातलं, / बाहेर काढलं, उडून गेली. / मी परत गवत आणायला.' वर्षभरातलं माझं सगळ्यात आवडतं लिखाण हेच.

आणखी एक न ठरवलेली गोष्ट झाली. बहिणाबाई लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या, त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव वगैरे लिहून घ्यायचे, पुस्तक आलं १९५२ साली, त्या गेल्यावर, हे सांगितल्यावर पोरांनी विचारलं की मग आम्ही आमच्या बोलीत लिहिलं तर चालेल का. घरी सगळे अहिराणी बोलतात आणि वहीत घाबरत घाबरत प्रमाण मराठी. चालेल म्हटलं. त्या दिवसापासून 'मनी माय' (माझी आई) वह्यांमध्ये आली आणि लिखाण एकदम लांबलं, काही पोरांचं दुप्पट. बहिणाबाईंची बोली लेवा पाटीदारांकडची, आमच्यापेक्षा वेगळी, त्यावरही पोरांनी भरपूर कीस पाडला.

दिवाळीनंतर बालकवींची 'औदुंबर' घेतली. आठच ओळी, पण रंग मोजायला लावले तर हिरवा, निळासावळा, पांढरा, काळा असं करत शेवटी सगळं काळोखाकडे सरकतं हे पोरांनी स्वतः काढलं. 'गोड काळिमा'मधला दुसरा शब्द पुसून गाळलेली जागा ठेवली होती. गारवा, सावली, सुगंध असं सगळं आलं, काळिमा कोणाच्याच डोक्यात नाही, आणि खरा शब्द लिहिल्यावर जो 'हां?' असा आवाज आला त्यावर अख्खा तास निघाला. पाय पाण्यात सोडून बसलेला तो औदुंबर कोणाला ध्यान लावलेला साधू वाटला (दत्ताचं झाड ना), कोणाला कॅनॉलवर टाइमपास करणारा पोरगा, आणि एकीला भांडून घराबाहेर पडलेले आजोबा.

इथे माझी एक चूक झाली, ती सांगून ठेवते. 'अ' तुकडीत मी बोलता बोलता आधीच सांगून बसले की बालकवी १९१८ साली जळगावजवळ भादलीला रेल्वेखाली गेले, वय अवघं २७. झालं, त्यानंतर डोह म्हणजे मरण, वाट म्हणजे मरण, पांढरी पायवाट म्हणजे रूळ! कॅनॉलवरचा पोरगा त्या वर्गात आलाच नाही. 'ब'मध्ये हेच शेवटच्या पाच मिनिटांत सांगितलं. कवीचं चरित्र आता सगळ्यात शेवटी, आणि तेही पोरांनी विचारलं तर.

आता रडगाणं. यमक हा आजार आहे. 'पाऊस आला धावून, छत्री गेली वाहून' अशा ओळींनी वह्या भरल्या, म्हणून महिनाभर यमकाला बंदी घातली तर अर्धा वर्ग म्हणाला मग ती कविता कशी. काही ठिकाणी मोबाइलवरून उतरवलेलं आलं, ते ओळखू येतंच, त्यात विहिरीचं पाणी नेहमी 'निर्मळ' असतं, आमच्यासारखं खारं नसतं. चर्चेत चार पोरं सगळ्यांचं बोलणं खातात, चिठ्ठ्यांमुळे थोडा फरक पडला, पूर्ण नाही. पोर्शन मागे पडला, जानेवारीत एक्स्ट्रा तास घेऊन भरून काढला आणि दोन कविता सरळ जुन्या पद्धतीने उरकल्या, लाज वाटते पण उरकल्या.

आणि एक गोष्ट अजून टोचते. एका पोराने वडिलांच्या दारूबद्दल लिहिलं होतं, छान लिहिलं म्हणून मी उत्साहात मोठ्याने वाचलं, नाव न घेता, पण गाव एवढंसं, सगळ्यांना कळलं. त्याने नंतर महिनाभर दोन ओळींच्या वर काही लिहिलं नाही. तेव्हापासून विचारल्याशिवाय एक ओळसुद्धा वाचत नाही, आणि ज्याला नको असेल त्याने पान दुमडून द्यायचं, दुमडलेलं पान मी उघडते पण बोलत नाही.

मार्कांचं विचाराल तर वरच्या पोरांचे तेवढेच राहिले, मधल्यांचे रसग्रहणात थोडे वाढले कारण स्वतःचं वाक्य लिहायला लागली, आणि अगदी खालच्यांचे सहामाहीत घसरले, कारण पाठ करायला परिच्छेदच नव्हता हातात. त्यांच्यासाठी आता शेवटच्या पंधरा मिनिटांत आम्ही सगळे मिळून एक परिच्छेद फळ्यावर तयार करतो, त्यांच्याच वाक्यांतून. हे मी आधी करायला हवं होतं.

दहावीच्या वर्गाला एवढा वेळ कोणी देणार नाही, तिथे महिन्यातून एक कविता अशी घ्यावी आणि बाकी नेहमीसारखं. वह्या तपासायचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. शंभरच्या वर पोरांच्या दहा-दहा ओळी वाचायच्या म्हणजे रविवार जातो, सध्या प्रत्येक वेळी एका तुकडीच्या निम्म्याच घेते आणि आवडलेल्या एका ओळीखाली रेघ मारते, शेरा नाही. ज्यांची वही घेतली नाही ती पोरं मधल्या सुट्टीत ती घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी असतात, आणि चहा गार होतो.