नवरीच्या लेहंग्याचं लांब कव्हर: कपाटात छान, प्रवासात डोकेदुखी

बस्ता जळगावच्या फुले मार्केटातून बांधा नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवरून, भारी लेहंग्यासोबत बहुधा एक लांबलचक चेनचं कव्हर मिळतं. लग्न गावातच असेल तर प्रश्नच नाही. पण हल्ली लग्नं गोव्याला, उदयपूरला लागतात आणि घरचे तेच कव्हर हँगरसकट उचलून निघतात. गडबड तिथेच होते.

आधी कव्हराबद्दल. नॉन-वोव्हन कापडाचं असेल तर चांगलं. कापड तोंडाला लावून फुंकर मारा, हवा आरपार गेली पाहिजे. पूर्ण प्लॅस्टिकचं घेऊ नका, दमट हवेत ते आत ओल धरून ठेवतं आणि खरी चांदीची जर काळवंडते. बाजूच्या पट्टीची रुंदी निदान 8 इंच हवी. सपाट कव्हरात कॅनकॅन, म्हणजे घेर फुलवणारा आतला कडक जाळीचा थर, दाबला गेला की घेर बसतो, मग आयत्या वेळी कितीही झटका, फुलत नाही. चेनच्या आतून कापडी पट्टी नसेल तर नेट हमखास चेनमध्ये अडकते. सोबतचा प्लॅस्टिकचा हँगर तर सरळ बाजूला ठेवा, सहा-सात किलोच्या लेहंग्याखाली तो वाकतो. जाड लाकडी हँगर घ्या आणि लेहंगा कमरेच्या आतल्या लूपवर टांगा, नाडीवर नाही. तसाही भरलेला लेहंगा आठवडाभर टांगून ठेवला की शिवण ओढली जाते, म्हणून कपाटातसुद्धा आडवाच बरा.

आता प्रवास. कव्हर 54 ते 60 इंच लांब. रेल्वेच्या डब्यातली खुंटी पिशवी-शर्टासाठी असते. तिच्यावर लेहंगा टांगला तर रात्रभर झोके खातो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात लागतो. बर्थखाली नुसतं कव्हर सरकवायचं तर धूळ आणि फरशीचं पाणी. थर्ड एसीत माणशी 40 किलो सामान चालतं, त्यामुळे वजनाची काळजी नाही. कडक बॅग घ्या, लेहंगा तिच्यात घडी करून ठेवा.

गाडीने जाणाऱ्यांनी डिकी टाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो आणि बंद डिकीत एसीची हवा पोहोचत नाही. गोंदाने चिकटवलेले खडे आणि आरसे त्या उष्णतेत सैल होतात. दोऱ्याने टाकलेल्या जरदोशीला तेवढा धोका नाही. खरेदी करतानाच खडा नखाने हलवून बघा. लेहंगा मागच्या सीटवर आडवा ठेवा, वर काही नको, जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा.

विमानात खरी कसरत. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्या हातातल्या बॅगेला 7 किलो आणि 55 × 35 × 25 सेंटिमीटर अशी मर्यादा ठेवतात. कॅनकॅनसकट लेहंगा एकटाच ती गाठतो. म्हणून शिवतानाच कॅनकॅन हुकाचा, सुटा करून घ्या. तो मोठ्या बॅगेत जाऊ द्या, लेहंगा नवरीच्या हातात, ब्लाउज आणि ओढणी करवलीच्या बॅगेत. घरीच वजनकाट्यावर मोजा. एटीआरसारख्या छोट्या विमानात वरचे कप्पे लहान असतात, हातातली बॅग दारातच मागून घेऊन खाली टाकू शकतात. त्यामुळे ही बॅगही कडक, कुलूप लागणारीच हवी.

घडीसाठी कव्हर नाही, धुतलेलं पांढरं मलमल लागतं. खाली मलमल अंथरा, लेहंगा उलटा करा म्हणजे काम आत जाईल, घेर कळ्यांच्या रेषेत लांबट दुमडा आणि प्रत्येक घडीत मलमलची सुरळी घाला. घडी सुरळीवर वळली की कडक मोड पडत नाही. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. डांबरगोळ्या आणि अत्तर जरीपासून लांब. सेफ्टी पिना काढून टाका, ओल लागली की गंज उतरतो. ओढणी कापडाच्या थानातल्या कागदी नळीवर गुंडाळा, दुकानदार ती सहज देतात. फक्त 50 सेंटिमीटरवर कापून घ्या.

पोहोचल्यावर लागतो हातातला स्टीमर, इस्त्री नव्हे. टिकल्या इस्त्रीखाली वितळतात आणि मखमल चकाकते. लहान, 6 अँपिअरच्या सॉकेटवर साधारण 1,300 वॉटपर्यंतचाच चालतो, 1,500 वॉटचा घेतला तर खोलीत 16 अँपिअरचं सॉकेट आहे का ते आधी विचारा. पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड भरा, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने पांढरे डाग पडतात. पहिली वाफ जुन्या टॉवेलवर सोडा, कारण सुरुवातीला थेंब उडतात आणि रेशमावर त्यांचा डाग राहतो. वाफ नेहमी अस्तराच्या बाजूने द्या. गोव्याच्या दमट हवेत नंतर अर्धा तास पंख्याखाली ठेवल्याशिवाय कव्हरात घालू नका.

कव्हराला कपाटासाठी पाचपैकी चार, प्रवासासाठी दोन. तेही रिकामं घडी करून बॅगेच्या तळाशी न्यायचं, मुक्कामी लाकडी हँगरवर चढवायला, म्हणून.