वर्षभर कवळी वापरल्यावर: सवयीने काय सुटतं आणि काय सुटत नाही

गेल्या चतुर्थीच्या थोडं आधी मी वरची आणि खालची अशी पूर्ण कवळी बसवून घेतली. आता पुन्हा बाजारात माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं) सामान दिसायला लागलंय, म्हणजे वर्ष भरत आलं. मी गोव्यात फोंड्याजवळ राहते, मराठी प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले, आणि आमच्या बायकांच्या भजनी मंडळात अजून गाते. त्यामुळे जेवता येणं आणि शब्द स्वच्छ उमटणं या दोन्ही गोष्टी मला कवळीकडून सारख्याच हव्या होत्या. ज्यांना कवळी घ्यायची आहे, किंवा ज्यांनी ती घेऊन डबीत ठेवून दिली आहे, त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते. कारण आपल्याकडे कवळी म्हटली की घरचे, शेजारचे, सगळे एकच सांगतात, "सवय होईल."

हे अर्धंच खरं आहे. सवय जिभेला होते, गालांना होते, ओठांना होते. हिरडीवरच्या जखमेची सवय होत नसते. चाव्याची उंची, म्हणजे दात मिटल्यावर दोन जबड्यांत राहणारं अंतर, चुकलेली असेल तर जबडाही त्याला सरावत नाही, तो फक्त दुखत राहतो. कुठली अडचण थोडे दिवस थांबून पाहायची आणि कुठलीसाठी लगेच डॉक्टर गाठायचे, एवढं ओळखता आलं तरी म्हातारपणातले बरेच हाल वाचतात असं माझं ठाम मत झालं आहे.

दात काढल्यावर हिरडी भरून यायला काही आठवडे द्यावे लागतात. ते दिले, मग मापं सुरू झाली. आधी एक साधं माप, त्यावरून माझ्या जबड्यापुरता माप घ्यायचा ट्रे, आणि मग त्या ट्रेच्या कडेला गरम करून मऊ केलेली हिरवी कांडी लावून डॉक्टरांनी मला ओठ पुढे काढायला, गाल आत ओढायला, जीभ बाहेर काढून दोन्ही बाजूंना फिरवायला लावली. कवळीची कड नेमकी कुठे थांबणार ते या हालचालींवरून ठरतं. कड लांब राहिली तर तोंड हलताच ती हिरडीत रुतते किंवा कवळी उचलली जाते. आखूड राहिली तर आत हवा शिरते आणि पकड सुटते. या पायरीला घाई करणाऱ्या ठिकाणी कवळी करून घेऊ नये.

दुसरी मोलाची पायरी म्हणजे मेणात बसवलेल्या दातांची ट्रायल. दातांचा रंग, लांबी, ओठ किती भरलेला दिसतो, हसताना किती दात दिसतात, हे सगळं त्या दिवशी बदलता येतं. एकदा मेणाच्या जागी अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कवळीचं कडक प्लास्टिक, आलं की थोडंफार घासण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. मी सुनेला बरोबर नेलं होतं. आरसा घेऊन खिडकीपाशी उभं राहून पाहिलं, पुष्कळ बोलून पाहिलं, आणि पुढचे दोन दात किंचित आत घ्यायला सांगितले. डॉक्टरांनीच म्हटलं, "बाई, आज बोला, मनात ठेवू नका."

आता बसण्याबद्दल. वरची कवळी आणि खालची कवळी यांच्याकडून सारखी अपेक्षा ठेवायची नाही, हे आधीच कळलेलं बरं. वरची पूर्ण टाळू झाकते. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो, कडेने सगळीकडे बंद असतो, आणि दोन ओल्या काचा एकमेकींना धरून राहाव्यात तशी ती वर धरून राहते. खालच्या कवळीला टाळू नाही. घोड्याच्या नालासारखा तिचा आकार, टेकायला साधारण निम्मीच जागा, आणि मधोमध सतत हलणारी जीभ. त्यामुळे चांगल्यात चांगली खालची कवळीसुद्धा वरच्यासारखी चिकटून बसत नाही. ती स्थिर राहिली म्हणजे पुष्कळ झालं.

घरच्या घरी तपासायच्या काही गोष्टी मी डॉक्टरांकडून शिकून घेतल्या आणि वर्षभर करत आले. वरचे पुढचे दात चिमटीत धरून हलकेच खाली ओढायचे. कवळीने विरोध केला पाहिजे. मग त्याच दातांना आतून बाहेरच्या दिशेने दाब द्यायचा. मागची कड पटकन सुटली तर टाळूच्या शेवटाशी ती नीट बंद होत नाही असं समजायचं. ही मागची कड कडक टाळू संपून मऊ टाळू सुरू होतो तिथे हवी. 'आ' केल्यावर हलणारा भाग मऊ टाळूचा. कड त्याच्या फार मागे गेली की उमासे येतात, अलीकडे थांबली की कवळी सुटते. त्यानंतर डाव्या आणि उजव्या दाढांवर आळीपाळीने बोट दाबायचं. एका बाजूला दाबल्यावर दुसरी बाजू उचलली गेली, तर ती डुगडुगते आहे. खालच्या कवळीसाठी तोंड अर्धवट उघडायचं, जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागे हलकेच टेकवायचं आणि तसंच राहायचं. अशा वेळी ती जागेवर राहिली पाहिजे. जीभ मागे ओढून घ्यायची खोड असेल तर खालची कवळी उचलली जाते, आणि हे मात्र सवयीने खरंच सुधारतं. मला जिभेचं टोक पुढे ठेवायला मुद्दाम शिकावं लागलं.

बोलण्याची परीक्षा मला सगळ्यात आवडली, कारण ती मराठीत फार छान करता येते. साठ ते सत्तर आकडे मोठ्याने म्हणायचे. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, पुढे सहासष्ट, सदुसष्ट. 'स' म्हणताना वरचे आणि खालचे दात जवळ येतात, पण लागत नाहीत. आकडे म्हणताना दात टकटक वाजत असतील तर एक तर चाव्याची उंची जास्त झाली आहे, नाही तर कवळी सैल होऊन खाली येते आहे. 'स'मध्ये शिट्टी येत असेल तर पुढच्या दातांची जागा किंवा त्यांच्यामागचा टाळूचा भाग तपासून घ्यावा. 'व' म्हणताना वरच्या दातांची धार खालच्या ओठाला सहज लागली पाहिजे. 'म' म्हणताना ओठ न ताणता मिटले पाहिजेत. चमच्यातला 'च', जमिनीतला 'ज', आणि दात-दूध-धान्यातले 'द', 'ध' सुरुवातीला जड जातात, कारण जीभ जिथे टेकते तिथे आता प्लास्टिक असतं. मी रोज सकाळी अर्धा तास मोठ्याने वाचत होते. काही आठवड्यांत उच्चार सुटे झाले, आणि दिवाळीनंतर मंडळात पहिल्यासारखं गायला लागले. लांब तान घेताना तोंड पूर्ण उघडलं की वरची कवळी किंचित ढिली पडते. तोंड थोडं कमी उघडून गायलं की राहते.

पहिले काही दिवस तोंडात लाळ फार सुटते. मेंदूला ते अन्न वाटतं. हे आपोआप कमी होतं. उलट ज्यांच्या तोंडाला कोरड असते त्यांची कवळी मापात असूनही पकड धरत नाही, कारण लाळेचा थरच नसतो. अ‍ॅलर्जीच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी अशी कोरड पडते, तेव्हा आपली औषधं कोणती ते दातांच्या डॉक्टरांना जरूर सांगा.

जेवणाचं खरं सांगायचं तर स्वतःच्या दातांचा जोर परत येत नाही. पूर्ण कवळीने चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या मानाने खूपच कमी असते, आणि ते मान्य करून जेवणाची रीत बदलावी लागते. सुरुवातीला उकड्या तांदळाची पेज, शीत-कडी म्हणजे भात-आमटी, मऊ शिजवलेली भाजी. मग हळूहळू भाकरी, तीही कढीत किंवा हुमणात (माशांच्या आमटीत) भिजवून. घास छोटा आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चावायचा. एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलली जाते. पुढच्या दातांनी तोडणं बंद. पेरू, सफरचंद सुरीने कापून. कडक सालीचा उंडो (आमच्याकडचा गोल पाव) हाताने तोडून, चहात बुडवून. काकणं (बांगडीच्या आकाराचे कडक पाव) आणि जत्रेतलं खाजं मी सोडून दिलं. बांगड्याबाबत विशेष सांभाळा. टाळू झाकलेली असल्यामुळे बारीक काटा पूर्वीसारखा जाणवत नाही, म्हणून काटे ताटातच, चांगल्या उजेडात काढायचे. चहाचंही तसंच. अ‍ॅक्रिलिकमधून उष्णता लवकर पोहोचत नाही, तोंडाला चहा कोमट वाटतो आणि घसा पोळतो. चवीची भीती मात्र बाळगू नका. चव मुख्यतः जिभेवर असते. पहिले दिवस सगळं अळणी वाटलं, नंतर हळदीच्या पानातल्या पातोळ्या मला पूर्वीसारख्याच लागल्या. पातोळ्यांतलं खोवलेलं खोबरं खालच्या कवळीखाली जातं, ते थोडंफार जाणारच. पण प्रत्येक जेवणानंतर कवळीखाली अन्नाचा थरच्या थर सापडत असेल तर तिथे पोकळी आहे.

आता दुखण्याबद्दल, कारण माणसं कवळी टाकून देतात ती इथेच. बसवल्यावर पहिल्या एकदोन दिवसांत कुठे ना कुठे टोचतं. माझ्या खालच्या जबड्यात जिभेच्या बाजूला लाल रेघ उठली, घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. शेजारणी म्हणाल्या, "काढ आणि दोन दिवस आराम दे." आराम दिला की बरं वाटतं, पण मग डॉक्टरांना खूण दिसत नाही आणि कुठे घासायचं ते कळत नाही. दुखत असलं तरी भेटीला जायच्या आधी काही तास कवळी घालून जायचं. त्यांनी कवळीला आतून पांढरी पेस्ट लावली, तोंडात बसवून काढली, आणि जिथे पेस्ट पुसली गेली होती तिथेच किंचित घासलं. मग दातांमध्ये रंगीत कागद ठेवून चावायला लावलं. डाव्या दाढेवर ठिपका गडद आला, तोही उतरवला. त्याच संध्याकाळी फरक पडला. कितीही सोपं वाटलं तरी घरी कानस किंवा काचकागदाने घासू नका. बिघडलेली कड परत जोडता येत नाही. आणि तोंडातली कुठलीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर कवळीला दोष देत बसू नका, डॉक्टरांना दाखवाच.

आमच्या वाड्यावरच्या एका काकींनी एकच कवळी पंधराएक वर्षं वापरली. ती पडू नये म्हणून चिकटवायची पावडर दिवसातून अनेकदा लावत. ओठांचे कोपरे कायम चिरलेले, हनुवटी नाकाकडे आलेली, वरची टाळू लालभडक. त्यांना वाटे, वय झालं. दात झिजून चाव्याची उंची कमी झाली की चेहरा असा मिटतो आणि ओठांच्या कोपऱ्यांत लाळ साचून चिरा पडतात. टाळूचा लालपणा बहुधा बुरशीचा, रात्रंदिवस कवळी घालून ठेवल्याचा. मी त्यांना बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात घेऊन गेले. तिथे कृत्रिम दातांचा स्वतंत्र विभाग आहे. बुरशीचं औषध झालं, हिरडीला विसावा दिला, मगच नवीन मापं घेतली. आज त्यांचा चेहरा पाहून बरं वाटतं, आणि इतकी वर्षं कोणीच त्यांना सांगितलं नाही याचं वाईटही. पावडर किंवा क्रीम वाईट नाही. भजनाच्या दिवशी मीही थोडी लावते. पण रोज, जास्त जास्त लागायला लागली तर कवळी सैल झाली आहे. क्रीम घेताना जस्त नसलेली घ्यावी. जस्ताची क्रीम वर्षानुवर्षं भरमसाट वापरल्याने नसांना इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत.

निगेचं थोडक्यात. रात्री काढून ठेवायची, हिरडीला तेवढे तास मोकळे हवेत. मऊ ब्रश आणि साधा साबण. टूथपेस्टने चरे पडतात आणि चऱ्यांत जंतू बसतात. बेसिनमध्ये पाणी भरून त्यावर धुवायची, हातातून निसटली तरी फुटत नाही. ठेवायची साध्या पाण्यात. कोरडी ठेवली किंवा उकळत्या पाण्यात टाकली तर आकार बिघडतो. हिरडी, टाळू आणि जीभही मऊ ब्रशने रोज पुसायची.

आणि वर्षाच्या शेवटी माझी वरची आहे तशी आहे, खालची सैल झाली आहे. बोटाने दाबल्यावर उजवीकडे डुगडुगते, आकडे म्हणताना टकटक येते. यात कवळीचा दोष नाही. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षात सगळ्यांत वेगाने, आणि खालचं वरच्यापेक्षा कितीतरी जास्त. कवळी तीच राहते, खालची जमीन उतरते. डॉक्टरांनी रिलाइनिंग सांगितलं आहे, म्हणजे कवळीच्या आतल्या बाजूला नवीन माप घेऊन तेवढा थर भरायचा. त्यानेही भागलं नाही तर खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे धातूचे स्क्रू, घालून त्यांवर कवळी अडकवण्याचा पर्याय आहे. 2002 साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी बिनदाताच्या खालच्या जबड्यासाठी तोच पहिला पर्याय मानावा असं म्हटलं होतं. खर्च बराच आहे, मला मधुमेहही आहे, त्यामुळे साखर आटोक्यात असल्याचे रिपोर्ट आधी दाखवायचे आहेत. रिलाइनिंग चतुर्थीनंतर करून घेणार आहे. कवळी तेव्हा एखादा दिवस प्रयोगशाळेत राहील, आणि सणाच्या दिवसांत आरत्यांना मला ती तोंडात हवी आहे.